आठव्या मरणाचं हसू

सीरियलमध्ये मी आठव्यांदा मेले, त्या दिवशी सीन संपल्यावरही तिरडीवर तशीच पडून राहिले. नाकात कापूस, अंगावर झेंडूचे हार, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. माझे मालक जाऊन बत्तीस वर्षं झाली, पण सीरियलमधल्या नवऱ्याची तब्येत ठणठणीत आहे, म्हणून मी सवाष्ण गेले. डोळे मिटून मी वाट बघत होते.

वाट कशाची ते सांगते. आमच्या कामात एक रीत आहे. प्रेताचं सोंग घेतलेल्या माणसाला तसंच घरी पाठवत नाहीत. सीन झाला की कॅमेरा बंद करायचा नाही. मेलेल्यानं उठून बसायचं, कॅमेऱ्यात बघून हसायचं, तेवढं हसू टिपायचं. मग मरण पुसलं. त्यानंतर नारळ, मग काफी. त्या हसण्यातलाच एक फोटो काढून, चौकटीत घालून, पुढच्या भागात चंदनाचा हार घालून सेटवरच्या भिंतीला लावतात. म्हणजे एका दगडात दोन कामं. सात वेळा मी मेले आणि सातही वेळा हसून उठले.

या वेळी डायरेक्टर नवा. म्हैसूरला शूटिंगला आला तेव्हापासून त्याच्या हातातलं घड्याळ त्याच्यापेक्षा मोठं. "ओके, पॅक-अप," म्हणाला आणि निघाला. मला वाटलं, येईल कोणीतरी. मागे वायरी गुंडाळल्याचा आवाज येत होता. लाइट एकेक करून गेले, ते मिटल्या पापण्यांना कळतं. कोणीतरी माझ्या अंगावरचे हार काढायला लागलं. दुसऱ्यानं दबक्या आवाजात कन्नडमध्ये म्हटलं, "अम्मा मलगिदारे, एब्बसबेडा." अम्मा झोपल्यात, उठवू नको.

मी उठले. कापूस स्वतःच काढला. "हसायचं राहिलं," एवढे दोन शब्द बोलले असते तर त्यांनी कॅमेरा परत लावला असता, इतके वाईट नाहीत ते. पण माझे आजे म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. मागून घ्यायची आमच्याकडे सवय नाही. रिक्षा केली आणि लष्कर मोहल्ल्यात घरी आले. कपाळावरचं कुंकू रिक्षातच पुसलं. आमच्या गल्लीत मला कुंकवात बघायची कुणाला गरज नाही.

चार दिवसांनी मॅनेजरचा फोन. "अम्मा, तुमचा एक हसरा फोटो पाठवा. गुरुवारी सकाळी दहापर्यंत. भिंतीला लावायचाय."

"तुमच्याकडे नाही?"

"आमच्याकडच्या सगळ्यांत तुम्ही रागावलेल्या आहात, अम्मा."

ते खरंच होतं. आधीचे सात हसरे फोटो जुन्या कंपन्यांनी भिंतीवरून काढून कुठं टाकले देव जाणे. सत्तावीस वर्षं मी सासूच केली. या सीरियलमध्ये दोड्डम्मा, म्हणजे घरातली थोरली आई, पण कामं सासूचीच. भुवई वर, ओठ आत, हा माझा धंदा. पेपरवाले यायचे ते पण म्हणायचे, "अम्मा, जरा सुनेकडे बघतात तसं बघा." मी तसं बघायची आणि ते फोटो काढायचे. घरात शोधलं. लग्नाचा फोटो आहे, त्यात मी खाली बघतेय. मालोजीच्या बारशाचा आहे, त्यात मी मालोजीकडे बघतेय आणि तो रडतोय. देवीला गेलो होतो तेव्हाचा आहे, त्यात ऊन डोळ्यांवर आलंय.

"नसला तरी काळजी नको," मॅनेजर म्हणाला. "आम्ही कॉम्प्युटरवर हसू लावतो."

आणि लावलंही. माझ्या सुनेच्या, शकुंतलाच्या मोबाइलवर नमुना पाठवला. ती हूटगळ्ळीहून स्कूटरवर आली आणि दाखवला. मी बराच वेळ बघितला. चेहरा माझा, साडी माझी, नथ पण माझी. हसू कुणाचं ते माहीत नाही. ती बाई बत्तीस दात दाखवत होती. माझे मोजून एकवीस आहेत. आणि तोंड हसत होतं खरं, पण डोळे अजून सुनेला घराबाहेर काढत होते.

"चांगलं आलंय की, आत्याबाई," शकुंतला म्हणाली.

"तुझ्या आईला पाठव. तिला आवडेल."

ती गप्प बसली. ती गप्प बसते, हा तिचा एक गुण आहे.

मला ते सहन होईना. सीरियल अजून दोनशे भाग तरी चालणार. रोज संध्याकाळी साडेसातला कोणीतरी त्या फोटोसमोर दिवा लावणार, रडणार, माफी मागणार. सत्तावीस वर्षं राबून शेवटी भिंतीवर माझ्या तोंडात दुसऱ्याचं हसू लटकणार. आणि यापुढे मला कोण बोलावणार? त्र्याहत्तर वर्षं झाली. गुडघे खाली बसू देत नाहीत, बसले तर उठू देत नाहीत. माझं शेवटचं काम म्हणजे तो फोटो. तो तरी माझा असावा.

"काढ माझा फोटो," मी शकुंतलाला म्हटलं. "मी हसते."

खिडकीजवळ खुर्ची घेतली. तिनं मोबाइल धरला. "हसा, आत्याबाई."

"कशाला हसू?"

"फोटोला."

"फोटोत हसण्यासारखं काय आहे?"

तिनं सदतीस फोटो काढले. मधेच तिनं मालोजीला, माझ्या मुलाला, व्हिडिओवर लावलं. तो कडकोळला कारखान्यात असतो, मागे मशिनी धडधडत होत्या. त्यानं ओरडून एक विनोद सांगितला, हत्तीचा आणि मुंगीचा. शेवट त्यालाच आठवेना. मी म्हटलं, "तुझ्या बापालाही विनोद सांगता येत नव्हता. ठेव आता, मशिनीत हात जाईल." सदतीस फोटोंत सदतीस सासवा आल्या.

अंधार पडायच्या आत निघायचं म्हणून शकुंतलानं हेल्मेट उचललं. मग दारात थांबून म्हणाली, "मग आधी कशा हसत होतात? त्या सात वेळा?"

"एक माणूस हसवायचा," मी म्हटलं.

"मग त्यांच्याकडे जाऊ की."

तिला माहीत नव्हतं ती काय बोलतेय. त्या दारात जायचं माझं तोंड नव्हतं.

त्या माणसाचं नाव गुंडेराव. आमचे प्रॉम्प्टर. सीरियलमध्ये रोज वीस-वीस पानं बोलायची असतात, ती कोणीच पाठ करत नाही. प्रॉम्प्टर कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहून वाक्य सांगतो, आपण ते उचलायचं आणि त्यात जीव घालायचा. गुंडेरावांचा आवाज म्हणजे रेल्वे स्टेशनवरची सूचना. "तू या घराचं नाव मातीत मिळवलंस" आणि "चहा आणा", दोन्ही एकाच सुरात. ते अग्रहारातले, म्हणजे ब्राह्मणांच्या वस्तीतले, माध्व, घरात मराठी. मी लष्कर मोहल्ल्यातली, मराठ्याची, घरात मराठी. एकाच गावात आमच्या दोन मराठ्या, एकमेकींना कधी भेटत नाहीत. सेटवर सगळी कन्नड. त्या सत्तर-ऐंशी माणसांत मराठी कळणारे आम्ही दोघंच.

मी मेले की ते पुढे यायचे. कॅमेरा चालू. हातात फाइल, चेहरा दगड. आणि त्याच स्टेशनच्या आवाजात, मराठीत म्हणायचे, "उठा, भवानीबाई." मग पुढे एक वाक्य. ते फक्त मला कळायचं. सगळे माझ्याकडे बघायचे, ही बाई एवढी का हसतेय.

सातव्या मरणानंतर काफी पिताना मी त्यांना म्हटलं होतं, "आता संपली असतील तुमची." तर म्हणाले, "आठव्याचं ठरवून ठेवलंय. आत्ता सांगितलं तर तुमचं मरायचं राहून जाईल."

आणखी एक गोष्ट आहे. ती मी कुणाला सांगितलेली नाही. मी चौथीपर्यंत शिकले, ते पण मधे दोन वर्षं धाकट्या भावाला सांभाळायला घरी होते. कन्नड लिपी मला बसच्या पाटीएवढी येते. या कामात आले तेही असंच. माझे मालक, फत्तेसिंगराव, माउंटेड पोलिसांत होते. ते गेल्यावर काही वर्षांनी सीरियलवाले तिथं घोडे मागायला आले, मी पेन्शनच्या कागदासाठी गेले होते. एक घोडा उधळला, मी त्याला नावानं हाक मारून दटावलं, तो उभा राहिला. डायरेक्टर म्हणाला, "ही बाई मला हवी." त्यांनी मला बघितलं, माझं वाचन नाही बघितलं.

पहिल्याच दिवशी कोणीतरी माझ्या हातात पानं दिली, "अम्मा, एकदा नजर टाका." मी पानं धरून उभी. भीतीनं ती सरळ धरलीत की उलटी ते पण मला कळत नव्हतं. गुंडेराव दोन हात लांब होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पुढे येऊन पानं घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अम्मा चष्मा विसरल्यात. मी वाचतो." त्यानंतर तेवीस वर्षं मी रोज चष्मा विसरले. माझ्याकडे चष्मा नव्हता हे त्यांना ठाऊक होतं.

चार वर्षांमागं नवीन कंपनी आली. कानात घालायचं शेंगदाण्याएवढं यंत्र आणलं. आत बसून कोणीतरी बोलतो, आपल्याला कानात ऐकू येतं. प्रॉम्प्टर कशाला हवा? पण गुंडेराव जुने, म्हणून मॅनेजरनं सगळ्यांसमोर मला विचारलं, "अम्मा, तुम्हाला गुंडेराव लागतात का? तुम्ही म्हणाल तर ठेवू."

ते तिथंच उभे होते. फाइल छातीशी.

लागतात म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, का लागतात? बाकीच्यांना लागत नाहीत, हिलाच का? मी भुवई वर केली. म्हटलं, "मला कोणी लागत नाही."

गुंडेरावांनी मान हलवली. जाताना माझ्याजवळ थांबले. "चष्मा विसरत जाऊ नका," म्हणाले, आणि गेले. चार वर्षांत मी फोन केला नाही. त्यांनीही केला नाही. मला वाटत होतं ते रागावलेत, आणि रागावलेल्या माणसाकडे आपण कशाला जायचं.

बुधवारी सकाळी शकुंतलानं ऑफिसात रजा टाकली आणि येऊन स्कूटर दारात लावली. मी न सांगता. मी चांगली साडी नेसून बसले होते, तीही न सांगता. म्हणाली, "बसा मागे, आत्याबाई. घट्ट धरा."

"मी घोड्यावर बसलेली आहे. तू नीट चालव."

अग्रहारात गुंडेरावांचं घर विचारत विचारत सापडलं. बारीक बोळ, पुढं तुळस, दाराला जाळी. जाळीतून एक बाई बघत होती. माझ्याच वयाची, बारीक, नाकात चमकी.

"कोण पाहिजे?" तिनं कन्नडमध्ये विचारलं. मग माझा चेहरा नीट बघितला आणि दोन्ही हात छातीला लावले. "अय्यो. दोड्डम्मा."

"भवानीबाई," मी मराठीत म्हटलं. "गुंडेराव आहेत का?"

तिनं जाळी उघडली आणि बाजूला झाली.

गुंडेराव भिंतीवर होते. चंदनाचा हार घातलेले. चेहरा दगड.

शकुंतलानं माझ्या पाठीला हात लावला, तो मी काढला नाही.

"दीड वर्ष झालं," बाई म्हणाली. ती तुंगाबाई, त्यांची बायको. "झोपेतच गेले. बसा की. पेपरात दिलं होतं हो, कन्नड पेपरात. मला वाटलं तुम्ही वाचला असेल आणि... मोठी माणसं, वेळ नसतो."

"मी वाचला नाही," मी म्हटलं. एवढं तरी खरं होतं.

ती काफी करायला आत गेली आणि आतूनच बोलत राहिली. मुलगा हयग्रीव बेंगळूरला असतो, महिन्यातून एकदा येतो. दिवसभर बोलायला कोणी नाही, म्हणून बोलायला मिळालं की तिला थांबता येत नव्हतं. काफीचे लोटे ठेवत म्हणाली, "तुमचं नाव रोज असायचं घरात. म्हणायचे, बाई एवढ्या हुशार, पण रोज चष्मा विसरतात. मी म्हणायची, एवढी मोठी बाई, एक चष्मा लक्षात राहत नाही?"

मी लोटा उचलला. गरम होता, तसाच धरून ठेवला. बायकोलाही सांगितलं नव्हतं त्यांनी. भिंतीकडे बघायचं मला धाडस होईना.

"सोडल्यावर पण साडेसातला टीव्हीसमोर बसायचे," तुंगाबाई सांगत होती. "तुम्ही बोलायच्या आधी ह्यांचे ओठ हलायचे. नवीन भाग, ह्यांनी पानं बघितलेली नाहीत, तरी अंदाजानं सांगायचे. कधी बरोबर यायचं. चुकलं तर म्हणायचे, बाईंना आता कोण सांगतं कोण जाणे, नीट सांगत नाही."

"सोडल्यावर म्हणजे?" मी विचारलं.

"काम सोडल्यावर. म्हणाले, आता वय झालं, मीच नको म्हटलं."

तोंडाला आवर घालायला मला कधी जमलं नाही. लोक त्याचे पैसे देत होते, म्हणून ती खोड राहिली. मी म्हटलं, "त्यांनी सोडलं नाही. त्यांना काढलं. मी तिथं होते. मला विचारलं होतं, मी ठेवा म्हणाले नाही."

बोलून झाल्यावर कळलं मी काय केलं. मरेपर्यंत त्या माणसानं घरात जपलेली गोष्ट मी काफी प्यायच्या आधी फोडली.

तुंगाबाईनं लोटा खाली ठेवला. आत कुकरची एक शिट्टी झाली. मग हळू म्हणाली, "म्हणून. रोज आंघोळ झाली की शर्ट घालून, फाइल मांडीवर घेऊन बसायचे. फोन वाजला की आधी हे उठायचे. मी विचारायची, कुणाचा यायचाय? तर म्हणायचे, कुणाचा नाही."

मी खाली बघितलं. मला विनवण्या पाठ आहेत, माफ्या पाठ आहेत, सीरियलमध्ये सुनांकडून शेकड्यानं मागून घेतल्यात. स्वतः मागायची वेळ आली तर एक शब्द नव्हता. कानात कोणी सांगतही नव्हतं.

तुंगाबाई उठली, कपाटातून फाइल घेऊन आली आणि माझ्या हातात दिली. "हीच. बघा की. मी कधी उघडली नाही. तुमचंच असेल त्यात सगळं."

मी फाइल उघडली. कन्नड अक्षरं, ओळीवर ओळ, कडेला पेन्सिलीनं काहीबाही. कुठंतरी त्यात आठव्या वेळचं वाक्य असेल. मी पान उलटलं, परत उलटलं. तुंगाबाई माझ्या तोंडाकडे बघत होती, मी काय वाचून दाखवते म्हणून.

शकुंतलानं हात पुढे केला. "आत्याबाई चष्मा विसरल्यात," ती म्हणाली. "द्या, मी वाचते."

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. फाइल घेऊन पानं चाळायला लागली. तेवीस वर्षं ती माझ्या घराण्यात आहे. तेवीस वर्षं बँकेचे कागद, औषधाच्या चिठ्ठ्या, लग्नाच्या पत्रिका मी तिच्यापुढे टाकते, "वाच जरा, माझं काम चाललंय" म्हणून. मला वाटत होतं मी तिला फसवतेय.

ती शेवटपर्यंत चाळून म्हणाली, "सीनच आहेत. बाकी काही नाही. कडेला नुसतं लिहिलंय, इथं थांबा, इथं श्वास घ्या."

आठवं वाक्य नव्हतं. ते गुंडेरावांबरोबर गेलं.

"काय शोधत होतात?" तुंगाबाईनं विचारलं.

मग मी सांगितलं. फोटोचं, हसण्याचं, रीतीचं. आणि गुंडेराव काय म्हणायचे ते. तुंगाबाईला आधी पटेना. "हे? हे विनोद करायचे? घरात दिवसात दहा शब्द बोलत नव्हते हो."

"तुमच्या घरात दिव्याखाली उभं राहून कोण मरतंय? माझ्या पहिल्या मरणाला सुनेनं मला विष घातलं होतं. मी पडलेली. हे आले, फाइल हातात. 'उठा, भवानीबाई. सुनेनं विषाचं भांडं घासायला तुमच्यासाठी ठेवलंय.'"

तुंगाबाईनं पदर तोंडाला लावला.

"दुसऱ्यांदा जिन्यावरून पडून मेले. 'उठा, भवानीबाई. पायऱ्या अकराच होत्या, तुम्ही बारा पडलात.'" मी त्यांचा आवाज काढत होते. मला तो येत होता, तेवीस वर्षं कानात गेलेला. "तिसऱ्यांदा हार्ट अटॅक. 'उठा, भवानीबाई. डॉक्टर म्हणतात, हृदय सापडत नाही, त्यामुळे अटॅक कुठं आला कळेना.' मग एकदा कावेरीत बुडाले. दिवसभर पाण्यात बसवलं होतं, दात वाजत होते. 'उठा, भवानीबाई. कावेरी नको म्हणतेय.'"

तुंगाबाई हसत होती. आवाज न करता, खांदे हलवत, जसं देवळात हसू आलं तर हसतात तसं. डोळ्यांतून पाणी. "आणखी," म्हणाली. "आणखी सांगा." मी पाचवं सांगितलं, सहावं सांगितलं. सातव्यात तिरडी उचलणारे चौघं खरेच दमले होते, ते सांगितलं. ती भिंतीकडे बोट दाखवून हसत होती, हे, हे असं बोलायचे. मी सांगत होते, पण मला हसू येत नव्हतं. मी फक्त प्रॉम्प्टिंग करत होते.

शेवटी तिनं डोळे पुसले. फोटोकडे बघत बसली. मग अगदी सरळ आवाजात, तक्रार नाही, राग नाही, त्या स्टेशनवरच्याच आवाजात म्हणाली, "तुम्हाला सात सांगितली. आमच्या लग्नाला शेहेचाळीस वर्षं. मला एकच सांगितलं. मीठ कमी आहे."

आणि माझं हसू फुटलं. कुठून आलं माहीत नाही. पोटातून आलं, छातीत अडकलं, नाकातून बाहेर पडलं. मला थांबवता येईना. तुंगाबाईला वाटलं मला धाप लागली, तिनं उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तीही परत हसायला लागली. मी एकवीस दातांनी हसत होते आणि समोर गुंडेराव, हार घालून, चेहरा दगड.

शकुंतलानं कधी मोबाइल काढला मला दिसलं नाही. सदतीस नाही, एकच फोटो काढला.

निघताना तुंगाबाई जाळीपर्यंत आली. "परत या," म्हणाली. मी बघते म्हटलं. अशा वेळी येते म्हणायचं असतं, ते मला ठाऊक आहे.

स्कूटरवर मागं बसल्यावर मी शकुंतलाला विचारलं, "कधीपासून माहीत आहे तुला?"

"काय, आत्याबाई?"

"काही नाही. समोर बघून चालव."

फोटो वेळेत गेला. मॅनेजरचा उलट फोन आला, "अम्मा, सूपर. कॉम्प्युटरपेक्षा चांगलं आलंय." शुक्रवारच्या भागात लावला. साडेसातला मी टीव्हीसमोर बसले. एकटीच. शकुंतला येते म्हणाली होती, मी नको म्हटलं, एवढ्या लांबून कशाला. नंतर वाटलं हो म्हणायला हवं होतं. पण एकदा नाही म्हटल्यावर परत फोन करून ये म्हणणं, ते मला अजून जमत नाही.

मोठी चौकट, चंदनाचा हार, समोर समई. मी हसतेय, डोळे मिटायला आलेत, नथ वाकडी झालीय. त्यांनी कडेचं कापलं, पण सगळं कापता आलं नाही. माझ्या उजव्या खांद्यावर चार बोटं दिसतात. बाई कापली, बोटं राहिली. बघणाऱ्यांना वाटत असेल, मुलाची असतील, सुनेची असतील. कोणी विचारलं नाही.

सीरियलमधली सून फोटोसमोर उभी राहून बोलायला लागली. मोठं पान होतं. मी तुमचं ऐकलं नाही, मला क्षमा करा, असं काहीतरी. माझ्याकडून उत्तर नव्हतं. फोटोला वाक्य नसतं. सून रडली, हात जोडले, आणि कॅमेरा माझ्या तोंडाजवळ येत येत थांबला. मी माझ्याकडे बघत होते आणि ती माझ्याकडे बघून हसत होती. घरात समईचा नाही, टीव्हीचाच उजेड होता.

मग जाहिराती लागल्या. मी बसूनच होते. गुडघे धरले होते, आणि उठून करायचं तरी काय. भात लावायचा, एका माणसाचा.

थोड्या वेळानं मी घसा साफ केला. आवाज सरळ केला, वर नाही, खाली नाही.

"उठा, भवानीबाई," मी म्हटलं.

पुढचं वाक्य मला माहीत नव्हतं. मी त्या वाक्याएवढा वेळ थांबले, आणि उठले.